गुणवंतांच्या यादीत नसलेली मुलं



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या भंडारा जिल्ह्यात सत्कारांचा हंगाम सुरू होतो. तुमसरपासून पवनी-लाखांदूरपर्यंत चौकाचौकात फ्लेक्स लागतात. समाजाचं मंडळ सत्कार ठेवतं, पतसंस्था ठेवते, राजकीय पक्ष ठेवतात आणि शिकवणी वर्ग तर ठेवतातच. एकाच मुलीला महिनाभरात पाच-सहा ठिकाणी बोलावणं येतं. घरच्या शोकेसमध्ये सारख्याच पाच-सहा ट्रॉफ्या दिसतात, फक्त खालच्या पट्टीवरचं नाव वेगळं. कार्यक्रम कसा होतो तेही आपल्याला पाठ आहे. पाहुण्यांची भाषणं लांबतात, शेवटी मुलांची नावं घाईघाईने पुकारली जातात, तीन-तीन मुलं एकदम स्टेजवर येतात, फोटो होतो आणि लगेच पुढचे तिघे.

मी या सत्कारांच्या विरोधात नाही. धानाच्या बांधीत आयुष्य गेलेल्या बापाला मुलीमुळे पहिल्यांदा सभागृहातल्या पुढच्या रांगेत खुर्ची मिळते, त्याचं नाव माईकवरून घेतलं जातं. हे लहान नाही. ज्याने ते पाहिलंय तो सत्काराला नावं ठेवणार नाही.

पण त्या यादीकडे एकदा नीट बघा. समाज वेगळा, पक्ष वेगळा, पतसंस्था वेगळी, तरी यादी तीच. कारण निकष एकच, टक्के. बोर्डाने गुणवत्ता यादी जाहीर करणं बंद केलं त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आपण मात्र तीच यादी गावोगाव फ्लेक्सवर छापत बसलो आहोत. आपल्या भाषेत ‘गुण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक गुणपत्रिकेवरचा आणि दुसरा माणसातला. ‘गुणवंत विद्यार्थी’ म्हणताना आपल्याला आता पहिलाच आठवतो.

देशातला मुलांसाठीचा सर्वांत मोठा सरकारी सन्मान कशासाठी दिला जातो ते पाहिलं तर थोडं आश्चर्य वाटेल. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याचे विभाग सहा: शौर्य, समाजसेवा, पर्यावरण, क्रीडा, कला व संस्कृती, विज्ञान व तंत्रज्ञान. पूर्वी या पुरस्कारात शैक्षणिक प्रावीण्य असाही विभाग होता. आजच्या सहांत तो नाही. म्हणजे ९८ टक्केवाल्या मुलाला केवळ त्या ९८ टक्क्यांवर इथे अर्ज करायला जागाच नाही.

२०२४ साली २६ डिसेंबरला, वीर बाल दिवशी, राष्ट्रपतींच्या हस्ते १७ मुलांना हा पुरस्कार मिळाला. त्यात आपल्या विदर्भातली, अमरावतीची करीना थापा होती. इमारतीला आग लागली तेव्हा तिने दाखवलेल्या प्रसंगावधानामुळे ३६ कुटुंबं वाचली. महाराष्ट्राचीच केया हटकर होती. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीसारखा गंभीर आजार असलेली ही मुलगी लेखिका म्हणून गौरवली गेली. दोघींना दहावीत किती टक्के पडले हे त्या दिवशी कुणी विचारलं नसेल.

आता मुद्द्याचं. या पुरस्कारासाठी मुलं आपोआप निवडली जात नाहीत. राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कुणीतरी नामांकन भरावं लागतं. पालक भरू शकतात, शिक्षक भरू शकतात, शेजारी भरू शकतो, मूल स्वतःही भरू शकतं. त्यात मुलाने काय केलं आणि त्याने काय फरक पडला, हे सुमारे पाचशे शब्दांत लिहायचं असतं. पाचशे शब्द! मुंबई-पुण्यातल्या शिकलेल्या आई-बापांना ते जड जात नाही. लाखनी तालुक्यातल्या एखाद्या गावी, जिथे आई रोवणीला जाते आणि बाप हंगाम संपला की कामासाठी नागपूर गाठतो, तिथे ते पाचशे शब्द कोण लिहिणार? गावात लिहिण्याचं काम करणारा माणूस बहुतेक एकच असतो, शाळेतला मास्तर किंवा मॅडम. आपण लिहिलं नाही तर ते मूल दिल्लीच्या दृष्टीने जन्मलंच नाही.

आपण लिहीत नाही याचं कारण आळस आहे असं मी म्हणणार नाही. ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराच्या नोंदी, आधार जुळवणी, सर्वेक्षण यांत दिवस कसा जातो ते आपल्या सर्वांना माहीत आहे. पण आणखी एक कारण आहे आणि ते जरा बोचणारं आहे. मुलाबद्दल पाचशे शब्द लिहिण्याइतकं आपल्याकडे त्याच्याविषयी काही नसतंच.

आठवा आपल्या वर्णनात्मक नोंदी. आकारिक मूल्यमापन आलं तेव्हा कल्पना फार चांगली होती. प्रत्येक मुलाची आवड, छंद, विशेष प्रगती शिक्षकाने आपल्या शब्दांत लिहायची. झालं काय? ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘गटकार्यात इतरांना मदत करतो’, ‘वर्गात नियमित उपस्थित राहतो’. तयार नोंदींची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, आपण हजेरी क्रमांकाप्रमाणे वाक्यं वाटून टाकतो. (आपल्यासारख्या शिक्षकांनीच त्या पीडीएफ तयार केल्या, हेही खरं.) तीस मुलांच्या नोंदी वाचल्या तर तीसही मुलं एकसारखी वाटतात. त्यातलं एक मूल रोज पहाटे तलावावर जाऊन पक्षी ओळखत असेल, तर ते त्या नोंदीत कुठून दिसणार?

आपल्या जिल्ह्यात असं मूल असणं अजिबात अशक्य नाही. सारस पक्षी महाराष्ट्रात जिथे उरलाय तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात. नागझिरा-कोका आपल्या उशाशी आहे. पाखरं, साप, मासे, झाडं यांची पुस्तकात नसलेली माहिती असणारी मुलं प्रत्येक गावात सापडतात. आपण त्यांना ‘अभ्यासात लक्ष नाही’ या खात्यात टाकतो.

कलेचंही तसंच. आपण झाडीपट्टीचे लोक. दिवाळी झाली की मंडई भरते, दंडार होते, खडी गंमत होते, रात्र-रात्र नाटकं चालतात. झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोली जिल्ह्याचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सरकारला जे कळलं ते शाळेला अजून कळायचंय. दंडारीत नाचणारा पोरगा दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या घेतो म्हणून आपण त्याला उभं करतो. त्याला ढोलकीचा कोणता ठेका येतो, कुणाकडून शिकला, घरात ही कला किती पिढ्यांची, हे विचारलं तर? मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावकडे कोशाचं विणकाम आहे. मागावर बसणाऱ्या घरातल्या मुलीला धाग्यांचं जे गणित येतं ते आपल्या पुस्तकातल्या गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्यापेक्षा सोपं नाही. पण गणिताच्या पेपरात ते येत नाही, म्हणून ते ‘येणं’ मानलं जात नाही.

विज्ञानाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे संधी खरोखर शाळेच्या दारापर्यंत येते आणि आपण तिचं काय करतो ते बघण्यासारखं आहे. इन्स्पायर अवॉर्ड मानक ही केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना. सहावीपासूनच्या मुलांच्या मूळ कल्पना शाळेने पाठवायच्या. निवडलेल्या मुलाच्या बँक खात्यात मॉडेल करण्यासाठी थेट १० हजार रुपये येतात. देशभरातून सुमारे एक लाख कल्पना निवडायच्या, जिल्ह्याच्या प्रदर्शनातून १० हजार राज्याकडे, तिथून एक हजार राष्ट्रीय पातळीवर आणि शेवटी साठ, अशी ती उतरंड आहे. कल्पना साधी असली तरी चालते. अट एवढीच की ती मुलाची हवी.

प्रत्यक्षात काय होतं? पावसाळ्यात नामांकनाची मुदत संपत आली की वरून ग्रुपवर मेसेज येतो, अमुक शाळांची नामांकनं शून्य आहेत, आज संध्याकाळपर्यंत पूर्ण करा. मग विज्ञानाचे सर युट्यूब उघडतात. स्मार्ट डस्टबिन, अंधांसाठी काठी, पाऊस आला की आपोआप आत जाणारी कपड्यांची दोरी. पाच कल्पना, पाच नावं, सबमिट. बहुधा वर्गातल्या पहिल्या पाच नंबरांची नावं. ज्याचं नाव टाकलं त्यालाच प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कळतं की आपण शास्त्रज्ञ आहोत. परीक्षकांनी एक प्रश्न विचारला की पोरगं सरांकडे बघतं.

आता त्याच गावात, त्याच पावसात, काय चाललेलं असतं? रोवणी. बाया दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभ्या. आईची कंबर रात्री दुखते हे मुलाला माहीत आहे. पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधीत वाहून न्यायला किती त्रास होतो, नखं कशी सडतात, बांधावरून पाय घसरला की काय होतं, हे सगळं त्याला माहीत आहे. ‘तुझ्या घरी कोणत्या कामाने सगळ्यात जास्त अंग दुखतं आणि ते कमी कसं करता येईल?’ एवढाच प्रश्न जुलैच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहा आणि पंधरा दिवस तो तसाच राहू द्या. दहातली आठ उत्तरं वेडगळ येतील. येऊ द्या. उरलेल्या दोनांत ‘स्मार्ट डस्टबिन’पेक्षा जास्त जीव असेल, कारण त्या कल्पनेच्या मागे एक खरी आई उभी असेल. आणि उत्तर देणारं मूल पहिल्या पाच नंबरांतलंच असेल याची काही खात्री नाही.

शौर्य पुरस्कारांबद्दल मात्र मला वेगळं, जरा सावध बोलायचं आहे.

ही परंपरा कशी सुरू झाली ती गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी मुलांना सांगितली असेल. २ ऑक्टोबर १९५७, दिल्लीचं रामलीला मैदान. पंडित नेहरू कार्यक्रमाला बसलेले, वरच्या शामियान्याला आग लागली. हरिश्चंद्र मेहरा नावाचा चौदा वर्षांचा स्काउट खांबावर चढला आणि चाकूने पेटतं कापड कापून टाकलं. त्या प्रसंगानंतर भारतीय बालकल्याण परिषदेने राष्ट्रीय शौर्य पुरस्कार सुरू केले. पुढे साठ वर्षांनी या संस्थेवर आर्थिक गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्या पुरस्कारांपासून अंग काढून घेतलं. त्या वर्षी निवडलेल्या मुलांना मोठ्यांच्या या भांडणाशी काय देणं-घेणं होतं? आता शौर्याचा विभाग सरकारच्या बाल पुरस्कारातच आहे.

या यादीत आपल्या जवळचं एक नाव आहे. नागपूरचा गौरव कवडुजी सहस्रबुद्धे. २०१४ साली अंबाझरी तलावात बुडणाऱ्या चार मित्रांना वाचवताना या पंधरा वर्षांच्या मुलाने प्राण गमावले. २०१५ च्या शौर्य पुरस्कारांतला सर्वोच्च ‘भारत पुरस्कार’ त्याला मरणोत्तर जाहीर झाला. २०२४ च्या जानेवारीत बाल पुरस्कार मिळालेल्यांत नंदुरबारचा आदित्य ब्राह्मणे होता, तोही मरणोत्तर. नदीत बुडणाऱ्या भावंडांना वाचवताना तो गेला. या मुलांपुढे नतमस्तक व्हावं असंच हे आहे.

पण आपण कुठे राहतो ते विसरू नका. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मामा तलाव, वैनगंगा, चुलबंद, बावनथडी, सूर, वर गोसीखुर्दचं पाणी. आपल्या वर्गातलं प्रत्येक मूल पाण्यापासून हाकेच्या अंतरावर राहतं. अशा ठिकाणी परिपाठात ‘त्याने क्षणाचाही विचार न करता पाण्यात उडी घेतली’ अशी गोष्ट सांगून टाळ्या वाजवणं आणि तिथेच थांबणं धोक्याचं आहे. ऐकणारं मूल शिकतं की शूर म्हणजे उडी मारणारा. बुडणारा माणूस जीव वाचवायला वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात, हे त्याला कुणी सांगत नाही.

म्हणून गौरवची गोष्ट सांगा, जरूर सांगा. आणि त्याच दिवशी मैदानावर मुलांना उभं करून दाखवा की पाण्यात न उतरता काय करता येतं. आधी जोरात ओरडून मोठ्यांना बोलवायचं. लांब बांबू किंवा फांदी पुढे करायची. ओढणी, दुपट्टा, बैलाचा कासरा, जे हाताला लागेल ते फेकायचं. तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन झाकण घट्ट लावून दोराला बांधली तर ती माणसाला तरंगतं ठेवायला मदत करते. तलावाकाठच्या घरांत अशी एक कॅन टांगून ठेवली तर खर्च शून्य आहे. करीना थापाचं कौतुकही याच अंगाने सांगण्यासारखं आहे, कारण आगीत डोकं शांत ठेवणं हेच तिचं धाडस होतं.

आणि शौर्य पाण्यात, आगीतच असतं असं थोडंच आहे? धानाच्या जिल्ह्यात साप चावणं नवं नाही. घरची मोठी माणसं मांत्रिकाकडे न्यायला निघालेली असताना जे मूल १०८ ला फोन लावतं आणि ‘दवाखान्यातच न्या’ म्हणून दारात आडवं होतं, त्याचा आपण कधी सत्कार केलाय का? मोठ्यांना नाही म्हणायला फार धाडस लागतं. शाळेच्या १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात अशा मुलाचं नाव घ्यायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

आता पुरस्कारानंतरचं. बहुतेक सत्कार फोटोबरोबर संपतात. ट्रॉफीने अकरावीची फी भरत नाही. इथे मला आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचं उदाहरण नेहमी आठवतं. २०१८ साली आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मध्ये आश्रमशाळांची मुलं एव्हरेस्टवर गेली. मे महिन्यात मनीषा धुर्वे, कवीदास काटमोडे, उमाकांत मडावी, परमेश आळे आणि विकास सोयाम हे पाच जण शिखरावर पोचले. सरकारने त्यांना प्रत्येकी २५ लाख रुपये जाहीर केले, सत्कार झाले, पेपरात फोटो आले. ते सगळं योग्यच. पण माझ्या मते या गोष्टीचा महत्त्वाचा भाग शिखराच्या आधीचा आहे. शेळ्या-गुरांमागे डोंगर चढणारी मुलं कुणीतरी हेरली, ‘ही चढू शकतील’ असं ठरवलं, दार्जिलिंग-लडाखला नेऊन महिनोन्‌महिने तयार केलं. त्यांच्यावर खर्च आधी झाला, टाळ्या नंतर वाजल्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटं असतं. मूल स्वतःच्या बळावर, घरच्यांनी कर्ज काढून कुठेतरी पोचतं, मग आपण हार घेऊन धावतो.

दहा हजारांची पतसंस्थेची सत्काराची तरतूद असेल तर त्यात पंचवीस ट्रॉफ्या येतात. त्याच दहा हजारांत एका धावपटू मुलीचे चांगले बूट, वर्षभराचा एसटीचा पास आणि स्पर्धेला जायचं भाडं निघतं. सत्कार ठेवणाऱ्या मंडळांशी आपले चांगले संबंध असतात, सूत्रसंचालनाला तेच आपल्याला बोलावतात. माईक हातात घेण्याआधी हे एकदा बोलून बघायला काय हरकत आहे?

या दृष्टीने मला आठवीची एनएमएमएस परीक्षा कोणत्याही ट्रॉफीपेक्षा मोठी वाटते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. चार वर्षांचे ४८ हजार. मुलीचं शिक्षण दहावीनंतर थांबवायचं की नाही, हा निर्णय कितीतरी घरांत एवढ्याशा पैशाने बदलतो. पण तिचा फ्लेक्स लागत नाही. आणि एक गोष्ट आपल्या हातून निसटते. दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. दहावीनंतर मूल दुसऱ्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जातं, जुनी शाळा म्हणते आमचा विद्यार्थी नाही, नवीन कॉलेजला माहीतच नसतं, आणि शेवटच्या दोन वर्षांचे २४ हजार बुडतात. पालकहो, तुमच्या मुलाचं असं झालं नाही ना, ते आजच तपासा. दहावीला ६० टक्क्यांची अट आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ती ५५ आहे, हेही नववीतच मुलाला सांगून ठेवा.

सरकारी सन्मानही कायम टिकतात असं नाही. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, जिच्यासाठी १९६३ पासून पिढ्यान्‌पिढ्या मुलं झटली, ती २०२१ नंतर थांबली. म्हणून एकाच परीक्षेवर मुलाचं सगळं बालपण लावू नये एवढंच इथे म्हणतो.

पालकांना एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगायची आहे. हल्ली मोबाइलवर मेसेज येतात, ‘अभिनंदन, आपल्या पाल्याची राष्ट्रीय बालरत्न म्हणून निवड झाली आहे, नोंदणी शुल्क अमुक हजार’. कुठे विक्रमांची पुस्तकं, कुठे आंतरराष्ट्रीय म्हणवणारी स्पर्धा, कुठे नागपूरच्या हॉटेलात पुरस्कार सोहळा. मेडल, प्रमाणपत्र, गळ्यात पट्टा, सगळं मिळतं. फक्त पैसे तुम्ही देता. दोन वर्षांच्या बाळाने राजधान्यांची नावं सांगितली म्हणून विक्रम, चार वर्षांच्या मुलीने पाढे म्हटले म्हणून विक्रम. प्रधानमंत्री बाल पुरस्काराच्या किंवा इन्स्पायरच्या नामांकनाला मुलाकडून एक रुपया घेतला जात नाही. जिथे गौरव होणाऱ्याकडूनच पैसे मागितले जातात तिथे तो गौरव नसतो, विक्री असते. मुलालाही हे एक दिवस कळतं. भिंतीवरची अशी फ्रेम बघून त्याला त्या वयात काय वाटेल, याचा विचार पैसे भरण्याआधी करा.

शिक्षक मित्रांनो, तुम्ही म्हणाल, देशातून वीस-एक मुलं निवडली जातात, त्यात आमच्या पोरांचा नंबर कुठे लागणार? लागणार नाही, बहुतेक वेळा नाहीच लागणार. पण अर्ज लिहायला बसलो की आपल्याला त्या मुलाच्या घरी जावं लागतं, त्याच्या आजीशी बोलावं लागतं, तारखा विचाराव्या लागतात. दोन दिवसांत आपल्याला त्याच्याबद्दल जेवढं कळतं तेवढं पाच वर्षांच्या हजेरीपटातून कळलेलं नसतं. आणि आपले गुरुजी आपल्यावर काहीतरी लिहिताहेत हे त्या मुलालाही कळतं.

शिवाय वाटेत लहान पायऱ्या आहेत. शाळेचा, केंद्राचा, तालुक्याचा सन्मान आहे. राज्याच्या युवा धोरणातला जिल्हा युवा पुरस्कार आहे, तो वयाच्या १३ व्या वर्षापासून मिळू शकतो, म्हणजे आपली आठवी-नववीची मुलंही त्यात बसतात. चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायची. दहावीला चित्रकलेच्या इंटरमिजिएट श्रेणीचे, शास्त्रीय आणि लोककलेचे, खेळाचे वाढीव गुण आहेत. त्यांचे प्रस्ताव मुदतीत शाळेतून जावे लागतात आणि ते जायचे राहिले तर नुकसान मुलाचं होतं.

कागदपत्रांची तयारी मात्र ऐनवेळी होत नाही. पुरावा हवा असतो. फोटो, तारीख, पेपरातलं कात्रण, ग्रामपंचायतीचं किंवा वनरक्षकाचं दोन ओळींचं पत्र, आधारवरच्या नावाचं स्पेलिंग आणि जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग एकच असणं. आपल्याकडे या शेवटच्या गोष्टीवर किती मुलांचे अर्ज अडकतात ते सांगायला नको. पालकांनी एक साधी प्लास्टिकची फाइल करावी आणि मुलाचं जे काही असेल ते त्यात टाकत जावं. शिक्षकांनी वर्णनात्मक नोंदीच्या वहीत शेवटची दहा पानं कोरी ठेवावीत आणि पीडीएफमध्ये सापडणार नाही असं एखाद्या मुलाबद्दल काही दिसलं की त्याच दिवशी, तारखेसकट, तिथे लिहावं. बाल पुरस्काराची नामांकनं २०२५ साली १ एप्रिलपासून सुरू झाली होती. पुढच्या एप्रिलपर्यंत त्या दहा पानांवर तीन-चार नावं आली तरी अर्ज लिहायला बसता येईल.